पिंग तुटला नाही, तिथेच आम्ही फसलो

मी एका पतसंस्थेचा संगणक विभाग सांभाळतो. मुख्य कार्यालय आणि अकरा शाखा. गेल्या वर्षी मार्चअखेरीच्या तोंडावर आम्ही मुख्य कार्यालयात दोन लेअर थ्री स्विच, म्हणजे शाखांची माहिती कोणत्या वाटेने जायची ते ठरवणारी यंत्रं, बसवून घेतले. एक बंद पडला तर दुसऱ्याने व्हीआरआरपीने (राखीव यंत्राने आपोआप ताबा घ्यायची पद्धत) लगेच गेटवे, म्हणजे नेटवर्कबाहेर जायचं दार, व्हायचं, आणि शाखेची एक लाइन गेली तर ओएसपीएफने (वाटा आपोआप शोधायची पद्धत) दुसरी वाट धरायची, एवढंच हवं होतं. नुसत्या कॉन्फिगरेशनचे ६५,००० रुपये मोजले. त्यातलं काहीच केलेलं नव्हतं, हे कळायला जून उजाडला.

काम ताब्यात घेण्याच्या दिवशी अध्यक्ष, व्यवस्थापक आणि मी रॅकसमोर उभे होतो. वरच्या स्विचवर ‘मेन’, खालच्यावर ‘स्टँडबाय’ अशी छापील लेबलं. लॅपटॉपवर सर्व्हरचा पिंग, म्हणजे सर्व्हर उत्तर देतोय का ते सतत विचारणारी चाचणी, सुरू. इंजिनिअरने वाकून खालच्या स्विचची वायर उपसली आणि म्हणाला, “बघा साहेब, एकही पॅकेट पडलं नाही.” खरंच पडलं नाही. अध्यक्षांनी तिथेच सही केली.

पण पडणार कसं? काम करणारा स्विच वरचा होता. त्याने काढली ती बसून असलेल्या स्विचची वायर.

जूनमध्ये वळवाच्या पावसात वीज कडाडली आणि वरच्या स्विचचा पॉवर सप्लाय जळाला. खालच्याचे हिरवे दिवे व्यवस्थित लुकलुकत होते, तरी अकराच्या अकरा शाखा बंद. पिग्मी एजंट मशीन हातात घेऊन काउंटरपाशी ताटकळत होते. पेन्शनचे पैसे काढायला आलेल्या एक आजी दोन तास बाकावर बसून रिकाम्या हाताने परत गेल्या, ते माझ्या अजून मनातून जात नाही.

दुसरा जाणकार बोलावला. खालच्या स्विचवर फक्त व्हीलॅन (नेटवर्कचे वेगवेगळे कप्पे) बनवलेले होते, व्हीआरआरपीची एक ओळही नव्हती. जळालेल्या स्विचचं कॉन्फिगरेशन एका जुन्या बॅकअपमध्ये सापडलं. त्यात अकरा शाखांचे अकरा स्टॅटिक रूट, म्हणजे ठरावीक वाटा, हाताने लिहिलेले. ओएसपीएफ सुरू करायला गेलो तर स्विच आदेशच घेईना, कारण लायसन्स खालच्या दर्जाचं. बिलात मात्र वरच्या दर्जाच्या लायसन्सचे पैसे लावलेले.

मला तेव्हा एक गोष्ट माहीत असती तर मी त्याच दिवशी सही अडवली असती. व्हीआरआरपी मूळ वेळांवर ठेवलं तर मुख्य स्विच दर सेकंदाला आपण जिवंत असल्याचा निरोप पाठवतो, आणि तो थांबल्यावर दुसरा साधारण तीन-साडेतीन सेकंदांनी ताबा घेतो. म्हणजे त्या दिवशी खरंच ताबा बदलला असता तर पिंग थोडा तुटायलाच हवा होता. ओएसपीएफमध्ये इथरनेटवर शेजारच्या राउटरला ‘हॅलो’ हा निरोप दर १० सेकंदांनी जातो. लाइन वरवर चालू दिसत असेल तर शेजारी गेल्याचं ठरायला ४० सेकंद लागू शकतात. या वेळा कमी करता येतात, पण त्या कमी केल्या असतील तर कोणत्या केल्या ते विचारा. आणि चालू स्विचची वायर स्वतः काढा, इंजिनिअरला काढू देऊ नका.

आणखी एक तपासणी तर कारकूनही करू शकतो. कुठल्याही संगणकावर ‘एआरपी -ए’ (arp -a) ही आज्ञा चालवा आणि गेटवेसमोरचा मॅक पत्ता (यंत्राचा हार्डवेअर पत्ता) बघा. आयपीव्ही४ वर व्हीआरआरपी खरंच चालू असेल तर तो ००-००-५ई-००-०१ ने सुरू होतो. आमचा तसा नव्हता. पहिल्या दिवसापासून नव्हता. ओएसपीएफसाठी शेजाऱ्यांची यादी मागा. प्रत्येक शाखेचा राउटर त्यात ‘फुल’, म्हणजे पूर्ण जोडलेल्या, अवस्थेत दिसला पाहिजे. लायसन्सचं नाव बिलावरून नाही, स्विचच्या स्क्रीनवरून वाचा. पासवर्ड आणि कॉन्फिगरेशनची प्रत हातात आल्याशिवाय शेवटचा हप्ता सोडू नका. आमचा पासवर्ड “सुरक्षेसाठी” त्यांच्याकडेच राहिला होता.

आम्ही वकिलामार्फत नोटीस दिली. पण आमच्या कार्यादेशात फक्त ‘स्विच बसवणे व कॉन्फिगरेशन करणे’ एवढंच होतं. व्हीआरआरपी, ओएसपीएफ, किती सेकंदांत ताबा, यातलं काही लिहिलेलं नव्हतं. समोरून उत्तर आलं की काम आदेशाप्रमाणे पूर्ण आहे. लायसन्सच्या फरकाची रक्कम तेवढी परत मिळाली, कारण ते बिलावर होतं.

नवं काम एका रविवारी झालं. पिंग सुरू ठेवून चालू स्विचची वायर मी स्वतः ओढली. पडद्यावर ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ची एक ओळ आली. आणखी एक आली. मग उत्तरं परत सुरू झाली, आणि त्या दोन ओळींचा फोटो काढून मी ताबापत्राला जोडला.