प्राथमिक आरोग्य केंद्रातून बीपी-शुगरची औषधं: काही महिन्यांच्या वापरानंतर

घरातल्या ज्येष्ठांची बीपी आणि शुगरची औषधं काही महिन्यांपासून जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून चालू आहेत. उपचार चांगले आहेत. लोक वैतागतात ते खेपांना.

१५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपर, तपासणी, औषध सगळं मोफत आहे. पण मजुरीला जाणाऱ्या बाईचा केंद्रात आलं की दिवसाचा रोजगार बुडतो, वर वडापचं भाडं. म्हणून तिच्या दृष्टीने पहिला प्रश्न एकच: एका खेपेत ३० दिवसांच्या गोळ्या मिळाल्या का? सरकारच्या उच्च रक्तदाब नियंत्रण कार्यक्रमात तेच अपेक्षित आहे. पण साठा कमी झाला की सगळ्यांना पुरावं म्हणून १० दिवसांच्याच गोळ्या हातात पडतात. हेतू वाईट नसतो, पण मग बरेच जण पुढची खेप टाळतात, गोळी तुटते आणि बीपी पुन्हा चढतं. बीपीची ॲम्लोडिपिन ५ आणि शुगरची मेटफॉर्मिन ५०० सहसा असतात. अडतं ते बीपीच्या दुसऱ्या गोळीवर, म्हणजे टेल्मिसार्टन ४० वर. ती संपली असेल तर तेवढी बाहेरून घ्या, पण खंड पडू देऊ नका. रिकामी स्ट्रिप सोबत ठेवा, म्हणजे नाव-मात्रेचा घोळ होत नाही.

बीपी मोजण्यात मात्र घाई होते. चालत आलेल्या माणसाला लगेच पट्टा बांधला, तोही बाहीवरून, की आकडा खोटा येऊ शकतो. पाच मिनिटं टेकून बसायचं, पाय जमिनीवर, हात छातीच्या पातळीला टेकवलेला, मोजताना बोलायचं नाही. "सिस्टर, थोडं बसते, मग मोजा," एवढं म्हटलं तर कोणी नाही म्हणत नाही. १४०/९० च्या खाली राहिलं पाहिजे.

उपाशीपोटीची शुगर द्यायची असेल तर ओपीडी उघडतानाच पोहोचा. क्रिएटिनिनसारख्या (मूत्रपिंडाच्या) तपासण्यांचे नमुने बाहेरच्या प्रयोगशाळेत जातात. गाडी निघून गेली की दुसरी खेप ठरलेली. नमुने कधी उचलतात ते आशाताईंना आधीच विचारावं.

सगळ्यात उपयोगी सोय लोकांना माहीतच नसते: बीपी-शुगर आटोक्यात असेल तर पुढच्या गोळ्या गावाजवळच्या उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडून मिळू शकतात. सपाटीवर ५,००० वस्तीमागे एक उपकेंद्र असा निकष आहे, डोंगराळ-आदिवासी भागात ३,००० मागे. तिथे पद भरलेलं असेल तर केंद्रापर्यंतची बरीच पायपीट वाचते.

रुग्णांच्या समाधानाचे फॉर्म औषधाच्या खिडकीशीच, कर्मचाऱ्यांसमोर भरून घेतात. उद्या त्यांच्याकडूनच गोळ्या घ्यायच्या असताना वाईट कोण लिहील? त्यापेक्षा केंद्राच्या कारभारावर लक्ष ठेवणाऱ्या रुग्ण कल्याण समितीने घरी जाऊन दोनच गोष्टी विचाराव्यात: मागच्या वेळी किती दिवसांच्या गोळ्या मिळाल्या, आणि बाहेरून काय विकत घ्यावं लागलं.