आई-बाबांना ब्रेकफास्टला कुठे न्यावं: डायनर की पॅनकेक हाऊस?

उन्हाळा लागला की न्यू जर्सीत एडिसन, इसेलिनच्या बाजूला घरोघरी आई-बाबा येतात. पोहे-उपमा रोजचेच, मग एखाद्या रविवारी ‘इथली माणसं खातात तसा’ ब्रेकफास्ट करायचं ठरतं. जुन्या धाटणीचं डायनर, म्हणजे लांब काउंटरचं साधं रेस्टॉरंट गाठायचं की साखळीतलं एखादं पॅनकेक हाऊस? बिलात फार फरक पडत नाही. मी दोन्हीकडे पाहुणे नेलेत, तेव्हा हे अनुभवाचे बोल समजा.

पॅनकेक हाऊसचे फायदे उघड आहेत. पार्किंग ऐसपैस, मेनूत जवळजवळ प्रत्येक पदार्थाचा फोटो. वेट्रेसच्या भराभर बोलण्याला बिचकणारी आई नुसतं बोट ठेवून ऑर्डर देते, ही सोय लहान नाही. कॉफीचा थर्मास टेबलावरच ठेवून जातात. नातवंडांचं मत विचारूच नका. दहानंतर पोचलात तर दाराशी ताटकळावं लागतं, पण ते डायनरलाही चुकत नाही.

माझं बिनसलं ते गोडावरून. कांदा-मिरचीचं ऑम्लेट मागवलं तरी सोबत पॅनकेक येणारच, तेही आमच्यासमोर एकाच ताटात आले. टेबलावर सिरपच्या चार बाटल्या, सगळ्यांच्या झाकणांशी चिकटा. बाबांनी हौसेने सिरप ओतलं आणि ते पॅनकेकवरून ओघळत थेट ऑम्लेटखाली शिरलं. खालची बाजू गोड, वरची तिखट. टाकायचं नाही या शिस्तीत वाढलेला माणूस, त्यांनी ते गुपचूप संपवलं. पुढच्या खेपेला मी पॅनकेक वेगळ्या बशीत मागितले, तर ऑम्लेटच जाड, फुगीर, पावासारखं लागलं. विचारल्यावर कळलं की ते फुलावं म्हणून अंड्यात पॅनकेकचं पीठ मिसळतात. लपवाछपवी काही नाही, काही ठिकाणी मेनूवर तसं छापलेलंही असतं. तरी ज्याला गव्हाचं पथ्य आहे त्याने ऑम्लेटऐवजी साधं फ्राइड अंडं सांगावं. इतरांना हे खटकेलच असं नाही, पण सकाळी तिखटमिठाचीच सवय असलेल्या माझ्या जिभेचं काही जमेना.

डायनरमध्ये गोड हवं असेल तर मागावं लागतं, आपणहून ताटात येऊन पडत नाही. आमच्या बाबतीत निकाल इथेच लागला. अंड्यांसोबत होम फ्राइज येतात: बटाट्याच्या फोडी, कांदा, थोडी पॅप्रिका, तव्यावर खरपूस होईपर्यंत परतलेल्या. आपल्या काचऱ्यांच्या अगदी जवळचं प्रकरण, वर टॅबॅस्को हा तिखट सॉस मारला की झालं. टोस्ट राय नावाच्या धान्याच्या ब्रेडचा सांगा. त्यात बहुतेकदा शहाजिरं असतं, आईने पहिल्याच घासाला ओळखलं. कित्येक डायनर ग्रीक कुटुंबांची आहेत, त्यामुळे पालक आणि फेटा चीजचं ऑम्लेट हमखास मिळतं आणि सहसा चांगलंच असतं. अंडं कच्चट नको असेल तर ‘ओव्हर हार्ड’ म्हणा.

एक अडचण मात्र खरी आहे. डायनरमध्ये तवा समोर दिसतो. ही डायनर कारखान्यात बांधून जागेवर आणून ठेवलेली, एलिझाबेथ शहरातली जेरी ओमाहोनी कंपनी, पॅटरसन शहरातली सिल्क सिटी असे बनवणारे न्यू जर्सीतच होते. रस्त्याने किंवा रेल्वेने न्यायचं म्हणजे रुंदी बेताचीच, म्हणून एक लांब काउंटर, त्यामागे तवा आणि पुढ्यात ओळीने स्टुलं. समिट स्टेशनसमोरचं समिट डायनर हे १९३०च्या दशकाच्या अखेरचं ओमाहोनीच्याच कारखान्यातलं, आतून लाकडी, रेल्वेच्या डब्यासारखं. (जुने डबे रूपांतरित करून डायनर बनली असं पुष्कळजण सांगतात. बहुतेकांच्या बाबतीत ते खरं नाही.) तर त्या तव्यावर आपल्या अंड्यापासून वीतभर अंतरावर बेकन आणि टेलर हॅम (डुकराच्या मांसाचा इथला खास प्रकार) चरचरत असतं. अंडं खाणाऱ्या पण मांस न खाणाऱ्या आईला ते पाहवत नाही. गर्दी नसेल तर वेगळ्या पॅनमध्ये करून देतात, मी विनंती केली तेव्हा कुणी तोंड वाकडं केलं नाही. पॅनकेक हाऊसचं स्वयंपाकघर भिंतीआड असतं, तिथे काय चालतं ते कळत नाही, इतकंच. बाबांच्या मते न दिसलेलंच बरं. घरात कडक शाकाहारी कुणी असेल तर बाबांचं ऐका. पॅनकेकमध्येही अंडं असतंच, हे मात्र आधी सांगून ठेवा.

बाकी डायनरला जायचं तर नऊच्या आत जा आणि गुडघे दुखणाऱ्यांना काउंटरच्या स्टुलावर बसवू नका, पाठ टेकायच्या बाकांचं बूथ मागा. मेनू इतका जाडजूड असतो की आई-बाबा गोंधळतात, तो बाजूला ठेवून त्यांच्यासाठी तुम्हीच सांगा. टिप टेबलावर ठेवून पैसे बऱ्याच ठिकाणी दाराजवळच्या गल्ल्यावर द्यायचे असतात. काही जुन्या डायनरमध्ये कार्ड चालत नाही, रोख जवळ असू द्या. चहाच्या बाबतीत मात्र दोन्हीकडे सारखीच बोंब, कोमट पाण्याचा कप आणि शेजारी टी-बॅग. तो घरूनच पिऊन निघा.