स्विम स्पा घरी घ्यावा का? पेडण्यातला उन्हाळा आणि पावसाळा काढल्यानंतर

स्विम स्पा म्हणजे पोहण्याची छोटी टाकी: पंप समोरून पाण्याचा जोरदार प्रवाह सोडतात आणि आपण जागच्या जागी पोहतो. गोव्यात समुद्र असताना घरात पोहण्याचं यंत्र कशाला, असं सगळे विचारतात. जून ते सप्टेंबर समुद्रात उतरायची सोय नसते. कांपालचा पोहण्याचा तलाव उत्तम आहे, पण पेडण्याहून रोज पणजी गाठणं नोकरी सांभाळून जमत नाही. शिवाय हिच्या गुडघ्यांना पाण्यातला व्यायाम सांगितला होता. म्हणून आम्ही घेतला, आणि घेतल्याचं समाधान आहे.

खर्च मात्र नुसत्या यंत्राच्या किमतीवर धरू नका. आमच्यात सहा हजार लिटर पाणी मावतं, म्हणजे नुसत्या पाण्याचंच वजन सहा टन. परसात मुरमावर ठेवून भागत नाही, सळई घालून काँक्रीटचा स्लॅब लागतो. वाट अरुंद असली की क्रेन आली. वायरिंग वेगळं, अर्थिंग चोख, आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) हवाच, आणि वीजभार वाढवून घ्यावा लागतो. वर पत्र्याची शेडही हवी, नाहीतर पावसाचं पाणी पडून क्लोरीन आणि पीएच दोन्हींचं गणित बिघडतं.

परदेशी माहितीपत्रकं हीटरबद्दल भरभरून सांगतात. आपल्याकडे अडचण उलटी. आमचे तीन अश्वशक्तीचे तीन पंप तासभर चालले की साडेसहा-सात युनिट जळतात, आणि त्यातली बहुतेक ऊर्जा उष्णता होऊन पाण्यातच राहते. सहा हजार लिटर पाणी एक अंश तापायला साधारण सात युनिट लागतात. म्हणजे तासभर पोहलात की पाणी जवळजवळ एक अंशाने चढतं. वरचं झाकण जाड फोमचं, ते उष्णता बाहेर सोडत नाही. जोरात पोहायला २६ ते २८ अंश बरे. एप्रिल-मेमध्ये आमचं पाणी त्याच्या बरंच वर गेलं. रात्री झाकण काढून जाळी टाकतो (डासांसाठी ती हवीच) आणि पहाटेच पोहतो. हिच्या गुडघ्यांना मात्र तेच कोमट पाणी मानवतं. आता जिना चढताना ती कठड्याचा आधार घेत नाही, आणि माझ्या मते एवढ्यावरच निम्मे पैसे वसूल झाले.

पोहण्याचं म्हणाल तर फ्रीस्टाइल छान जमते. ब्रेस्टस्ट्रोकला पाय कडेला आपटतात. जेटचा प्रवाह मधोमध जोरात आणि बाजूला ढिला, त्यामुळे अंग सरकतं. कमरेला पट्टा बांधला की ठीक. तुम्ही कसलेले पोहणारे असाल तर जेटऐवजी प्रोपेलरवालंच बघा. महाग पडतं, पण प्रवाह रुंद आणि सलग मिळतो.

विहिरीच्या पाण्यात लोह असेल तर क्लोरीन पडताच पाणी तांबूस होतं, तेव्हा आधी तपासून घ्या आणि भरताना फिल्टर लावा. खारी हवा स्टीलच्या पट्ट्यांना सोडत नाही, त्या गोड्या पाण्याने पुसाव्या लागतात.

फक्त सुट्टीत उघडणाऱ्या घरासाठी घेऊ नका. घर बंद असलं तरी फिल्टर चालू लागतो आणि औषध कुणीतरी घालावंच लागतं. रोज उतरणारी दोन माणसं घरात असतील तर जरूर घ्या, आणि दर मागवताना चिलरची (पाणी थंड करणाऱ्या यंत्राची) किंमत त्यातच लिहून मागा. आम्ही तो पुढच्या मार्चआधी बसवतोय.