नाशिकजवळच्या ओझर विमानतळावरून उड्डाण: चढताना ठरलेल्या उंचीवर विमान हाताने थांबवायचं की ऑटोपायलटने?

हाताने उडवताना हिशेब सोपा: चढण्याचा वेग मिनिटाला 2,000 फूट असेल, तर त्याच्या दहा टक्के, म्हणजे ठरलेल्या उंचीच्या 200 फूट आधी विमानाचं नाक खाली घ्यायला लागा. नेमकं तेव्हाच फ्लॅप (पंखांच्या हलत्या पट्ट्या) आणि रेडिओ फ्रिक्वेन्सी बदलण्याचं काम आलं की हे हुकतं.

ऑटोपायलट थकत नाही. पण त्याला 5,000 फुटांऐवजी 6,000 लावले, तर तो 6,000च गाठतो. उंची पकडत असताना आकडा फिरवला, तर काही विमानांत पकड सुटून चढाई चालूच राहते. म्हणून एकाने आकडा लावावा, दुसऱ्याने मोठ्याने वाचावा. तेवढं पाळलं तर गर्दीच्या निर्गमनात ऑटोपायलटच बरा.

हवेच्या दाबाची चूक मात्र हाताने उडवणाऱ्यालाही फसवते आणि ऑटोपायलटलाही. पावसाळ्यात क्यूएनएच (समुद्रसपाटीच्या हिशेबात दिलेला स्थानिक हवेचा दाब) 1003 हेक्टोपास्कल असताना अल्टिमीटर (उंचीमापक) प्रमाण दाब 1013वर राहिला, तर ओझरच्या सुमारे 1,900 फूट उंचीवरच्या धावपट्टीवर तो जवळपास 2,200 दाखवतो. विमान धावपट्टीकडे न्यायच्या (टॅक्सीच्या) आधीच ताडून पाहा.