तीन पंख्यांचे कॅबिनेट, फिरणारा एकच

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावात मी सातबारा, दाखले आणि पीकविम्याचे अर्ज काढून देण्याचे छोटे केंद्र चालवतो. गेल्या एप्रिलमध्ये जुना संगणक कायमचा बंद पडल्यावर तालुक्याच्या एका दुकानातून सुटे भाग घेतले आणि फसलो तो साडेचार हजारांच्या कॅबिनेटमध्ये, म्हणजे हे भाग ज्यात बसवतात त्या डब्यात. प्रोसेसर आणि रॅमवर नाव व आकडा छापलेला असतो, तो आपण वाचतो. पत्र्याचा डबा मात्र रंग आणि दिवे पाहून पसंत करतो.

पत्रा ०.७ मिलिमीटरचा, बाजूला टेम्पर्ड (तापवून कडक केलेली) काच आणि समोर १२० मिलिमीटरचे तीन पंखे, असे दुकानदाराने सांगितले होते. काच खरी आहे ना, असे विचारताच "भाऊ, फोडून पाहता का?" म्हणून तो हसला. मीही हसलो.

मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला आणि अर्ज अर्ध्यावर असतानाच संगणक बंद पडू लागला. समोरचे झाकण ओढून काढले, तेव्हा तीनपैकी दोन रंगीत कड्यांत केवळ दिवे होते, पाती नव्हतीच. तिसऱ्या कडीत पंखा होता खरा, पण पुढे सलग प्लास्टिक असल्यामुळे त्याला हवा ओढायला कडेची बोटभर फट तेवढी उरली होती. धूळ अडवणारी जाळी नसल्याने जवळच्या जिनिंगमधून उडणारी रुई त्या फटीतून थेट प्रोसेसरच्या पंख्यावर जाऊन बसली होती.

मग बाकीचेही तपासले. 'काच' हाताला थंड लागत नव्हती आणि फडक्याने पुसताना तिच्यावर ओरखडे उठले, म्हणजे ते ॲक्रिलिक, काचेसारखे दिसणारे प्लास्टिक, होते. लेथवाल्याच्या व्हर्नियरने मोजलेला पत्रा रंगासकट ०.४ मिलिमीटर भरला; अंगठ्याने दाबला की तो आत जातो. चांगल्या कॅबिनेटमध्ये पत्र्याच्या कडा आत दुमडलेल्या असतात. येथे त्या नुसत्या कापून सोडलेल्या होत्या, आणि मदरबोर्ड बसवताना माझे बोट का चिरले ते तेव्हा उमगले. हे सारे दुकानातच दोन स्क्रू काढून पाच मिनिटांत दिसले असते.

तक्रार घेऊन गेलो, तर दुकानदाराने बिलाकडे बोट दाखवले. त्यावर 'कॅबिनेट, १ नग' एवढेच लिहिले होते. पत्र्याची जाडी, काच, पंख्यांची संख्या यांपैकी काहीच नव्हते, आणि घेताना ते लिहून मागायचे मलाही सुचले नव्हते. शेवटी समोरचे प्लास्टिक कापून तेथे खिडकीची बारीक जाळी लावली. तेव्हापासून संगणक मध्येच बंद पडलेला नाही. दर रविवारी जाळीवरची रुई तेवढी झटकावी लागते.