बॉयलर ट्यूबची जाडी मोजणारी सेवा : मोजणी चोख, अहवाल कच्चा

नाशिकमध्ये कोळशावरच्या बॉयलरचा विषय निघाला की एकलहऱ्याचे नाव येतेच. तेथील औष्णिक वीज केंद्रातील २१० मेगावॅटचे तीन संच १९७९ ते १९८१ या काळात सुरू झाले, आणि इतक्या वर्षांच्या बॉयलरमध्ये ट्यूब (पाणी आणि वाफ वाहून नेणारी नळी) फुटून संच बंद पडणे म्हणजे काय, हे त्या भागातल्या फिटरला वेगळे सांगावे लागत नाही. मी ज्या सेवेविषयी लिहीत आहे, ती मात्र एका खासगी कारखान्याच्या स्वतःच्या वीजनिर्मितीसाठी असलेल्या लहान बॉयलरवर घेतली होती. अंबड औद्योगिक वसाहतीतील एका तपासणी संस्थेने वार्षिक ओव्हरहॉलमध्ये, म्हणजे बॉयलर बंद ठेवून होणाऱ्या मोठ्या देखभालीत, अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींच्या) पद्धतीने ट्यूबची जाडी मोजून दिली.

या संस्थेने सुरुवातीला गळती ऐकणारी यंत्रणाही सुचवली होती. जास्त दाबाची वाफ ट्यूबच्या छिद्रातून बाहेर पडताना जो आवाज होतो, तो भट्टीच्या भिंतीवर बसवलेले सेन्सर टिपतात आणि आवाजाची पातळी ठरावीक मर्यादेपुढे गेली की नियंत्रण कक्षात सूचना मिळते. मेकअप पाण्याचा (बॉयलरमधील घट भरून काढणाऱ्या पाण्याचा) वाढता खप किंवा आयडी फॅनचा (भट्टीतील वायू बाहेर ओढणाऱ्या पंख्याचा) वाढलेला करंट पाहून गळती ओळखण्यापेक्षा ही सूचना बरीच आधी येते. हा वेळ मोलाचा असतो, कारण एका ट्यूबमधून सुटलेली वाफ शेजारच्या ट्यूब कापत जाते. तरीही आम्ही नकार दिला. सूट ब्लोअर (ट्यूबवर साचलेली राख उडवून लावणारे यंत्र) चालू असताना सेन्सरला गळती आणि ब्लोअर यांचे आवाज वेगळे ओळखता येत नाहीत, सेन्सरपर्यंत आवाज नेणाऱ्या नळ्या राखेने बुजतात आणि त्या नियमित साफ करायला माणूस लागतो. शिवाय ही यंत्रणा ट्यूब फुटल्यानंतरच बोलते. मोठ्या संचाला ती हवीच. आमच्या आकाराच्या बॉयलरला आधी कोणती ट्यूब पातळ झाली आहे हे कळणे जास्त गरजेचे होते.

प्रत्यक्ष मोजणीचे काम मला मनापासून आवडले. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण बहुधा ३५ ते ४५ टक्के असते आणि त्या राखेतील क्वार्ट्झचे कठीण कण इकॉनॉमायझरच्या (बॉयलरला जाणारे पाणी आधी तापवणाऱ्या भागाच्या) व कमी तापमानाच्या सुपरहीटरच्या (वाफ आणखी तापवणाऱ्या भागाच्या) ट्यूब घासून काढतात. वायूचा वेग वाढला की झीज वेगाच्या प्रमाणात न वाढता त्याहून कितीतरी पटींनी वाढते. म्हणून बेंड आणि भिंतीलगतची मोकळी फट, जिथून वायू वेगाने निसटतो, या जागा आधी पाहाव्या लागतात. पथकाने परांची चढताच सुरुवात तिथूनच केली. तिरपे आदळणारे कण ट्यूबला अधिक खातात, त्यामुळे झीज वायूच्या अगदी समोरच्या रेषेवर नसून तिच्या दोन्ही अंगांना चपट्या पट्ट्यांच्या रूपात दिसते. घाईत काम करणारे ट्यूबच्या माथ्यावर एकदा प्रोब (जाडी मोजणाऱ्या उपकरणाचे टोक) टेकवून आकडा लिहितात आणि झिजलेली बाजू सुटून जाते. या पथकाने प्रत्येक निवडलेल्या जागी माथा आणि दोन्ही बाजू अशी तीन मापे घेतली. ध्वनिलहर सोडणारा आणि परत टिपणारा असे दोन भाग असलेल्या दुहेरी प्रोबमधील विभाजक रेषा ट्यूबच्या अक्षाला काटकोनात ठेवण्याची काळजीही घेतली, कारण ती चुकली की वक्र पृष्ठभागावर वाचन भरवशाचे राहत नाही. ग्राइंडरने गंज काढताना मूळ धातू खाल्ला जाणार नाही याकडे त्यांच्या पर्यवेक्षकाचे लक्ष होते. पृष्ठभाग चकचकीत दिसावा म्हणून ट्यूबच पातळ करून ठेवणारे कामगार मी पाहिले आहेत.

अहवालाने मात्र निराशा केली. पानामागून पान आकडे होते, पण कोणता आकडा कोणत्या ओळीतील कितव्या ट्यूबचा, कोणत्या उंचीवरचा, हे अर्ध्या ठिकाणी संदिग्ध होते. ट्यूबची मोजणी डावीकडून की उजवीकडून, हेही लिहिलेले नव्हते. अशा सर्वेक्षणाचे खरे काम दुसऱ्या वर्षी सुरू होते : त्याच जागेचे माप पुन्हा घेऊन वर्षभरातील घट काढायची आणि दाब, व्यास व धातूचा अनुज्ञेय (सुरक्षितपणे सोसता येईल असा) ताण यांवरून ठरणाऱ्या किमान जाडीपर्यंत ट्यूब कधी पोहोचेल हे पाहायचे. जागाच सापडणार नसेल, तर मागील वर्षाचा खर्च वाया गेला. आम्ही विचारल्यावर त्यांनी जागा दाखवणारा नकाशा पाठवला, तोही शटडाउन संपल्यावर, म्हणजे पातळ ट्यूब बदलण्याचे निर्णय आम्ही त्याआधीच हाताने केलेल्या खुणांवरून घेतले होते.

ट्यूबच्या आतील ऑक्साइडच्या थराची मोजणी त्यांच्या दरपत्रकात होती, पण ती आम्ही घेतली नाही. सुपरहीटरच्या गरम भागात धातू किती तापला आहे याचा अंदाज त्या थरावरून बांधता येतो, त्यामुळे ज्यांचा बॉयलर जुना आहे त्यांनी ती जरूर मागवावी.

पुढच्या ओव्हरहॉलच्या कार्यादेशात तीन अटी घालून हेच पथक बोलवायला माझी हरकत नाही : ट्यूब क्रमांकनाची पद्धत काम सुरू होण्यापूर्वी दोघांच्या सहीने ठरावी, मर्यादेखालील मापांची यादी त्याच दिवशी संध्याकाळी हाती मिळावी आणि पूर्ण नकाशा मिळाल्याशिवाय बिलाचा शेवटचा हप्ता देऊ नये.