फिल्टर काढलेला कॅमेरा आणि मृगातला गुलाबी रंग: आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या ऑक्टोबरात पाऊस ओसरल्यावर मी एक जुना कॅनन ६००डी घेतला आणि त्याच्या सेन्सरपुढचा लाल प्रकाश अडवणारा फिल्टर काढून घेतला. तेव्हापासून मेअखेरपर्यंत जमेल त्या अमावास्येला नाशिकहून आणि आजूबाजूच्या गावांतून तेजोमेघांचे, म्हणजे आकाशातल्या वायू-धुळीच्या ढगांचे, फोटो काढले. आता आभाळ भरलंय, कॅमेरा सिलिका जेलच्या पुड्यांसकट हवाबंद डब्यात गेलाय, म्हणून सविस्तर लिहायला बसलो. असा कॅमेरा घ्यावा का, हे मला बऱ्याच जणांनी विचारलंय. माझं उत्तर ‘घ्या’ असंच आहे, पण कॅमेऱ्याइतकाच वेळ रंग शिकायला ठेवा.

सामान असं: बॉडी सेकंडहँड १३,००० रुपयांना, फिल्टर काढायची मजुरी ४,०००. १३५ मिमीची मॅन्युअल लेन्स, छोटा स्टार ट्रॅकर, जड ट्रायपॉड, ठरावीक वेळाने आपोआप फोटो काढणारा इंटरव्हॅलोमीटर आणि लेन्सभोवती गुंडाळायचा यूएसबीवरचा हीटर. सगळ्यात जास्त पैसे ट्रॅकरला गेले आणि ते योग्यच होतं. पृथ्वी फिरते त्या वेगाने कॅमेरा फिरला नाही, तर १३५ मिमीवर दोन-तीन सेकंदांतच तारे लांबट होतात.

फिल्टर काढायचं कारण एका आकड्यात आहे: ६५६.३ नॅनोमीटर. तेजोमेघातला तापलेला हायड्रोजन या तरंगलांबीचा गडद लाल प्रकाश सोडतो. माणसांच्या चेहऱ्याचे रंग नीट यावेत म्हणून साध्या कॅमेऱ्यात जो फिल्टर असतो तो नेमका हाच लाल बराचसा अडवतो. कॅननने स्वतः खास आकाशासाठी २००५ मध्ये २०डीए, २०१२ मध्ये ६०डीए आणि २०१९ मध्ये ईओएस आरए ही मॉडेलं काढली होती, ती याचसाठी. फरक पाहायचा म्हणून डिसेंबरात एका मित्राचा फिल्टर न काढलेला कॅमेरा शेजारी लावला. रोझेट या फुलासारख्या तेजोमेघावर दोन्हींचं एक्स्पोजर सारखंच, दोन मिनिटांचं. त्याच्या फोटोत मधला तारकागुच्छ आणि भोवती पुसट डाग होता. माझ्या फोटोत अख्खं फूल उमललेलं, पाकळ्यांतल्या धुळीच्या काळ्या रेघांसकट. त्या रात्री मजुरीचे पैसे वसूल झाले.

दिवसाचे फोटो मात्र या कॅमेऱ्याने विसरा. झाडं विटकरी दिसतात आणि माणसं भाजल्यासारखी. कस्टम व्हाइट बॅलन्सने थोडं सावरतं, पण घरच्या लग्नाकार्यात मी तो नेत नाही.

जागेबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण नाशिककरांना याचाच उपयोग होईल. मी इंदिरानगरला राहतो. आमच्या रस्त्यावरचे पिवळे सोडियमचे दिवे जाऊन पांढरे एलईडी आले. सोडियमचा प्रकाश ५८९ नॅनोमीटरच्या आसपास एकवटलेला असायचा, साध्या फिल्टरनेही बराच कापता यायचा. एलईडीचा प्रकाश सगळ्या रंगांत पसरलेला, तो कापायला गेलं तर तेजोमेघाचाही कापला जातो. गच्चीवरून काम करायचं तर हायड्रोजन आणि ऑक्सिजन एवढेच दोन पट्टे सोडणारा ड्युअल नॅरोबँड फिल्टर लागतो. मी तो जानेवारीत घेतला. रोझेटसाठी उत्तम चालतो. कृत्तिकांभोवतीची निळी धूळ मात्र त्यातून जवळपास दिसेनाशी होते, कारण ती स्वतः प्रकाश सोडत नाही, ताऱ्यांचा परावर्तित करते.

हिवाळ्यातलं खरं काम झालं ते मामांच्या मळ्यात, दिंडोरीच्या पुढे वणीच्या अलीकडे. उत्तरेला सप्तशृंगीकडचे डोंगर. नाशिकहून ध्रुवतारा क्षितिजापासून साधारण २० अंशच वर असतो, त्यामुळे शहरात तो इमारतींमागे जातो आणि ट्रॅकर ध्रुवाला जुळवता येत नाही. मळ्यात ती अडचण नाही. नाशिकचा उजेड दक्षिणेला, पण मृग माथ्यावर आला की ६०-६५ अंश उंचीवर असतो, तिथवर उजेडाचा त्रास फारसा पोचत नाही.

मळ्यात त्रास दवाचा. द्राक्षबागेला रोज पाणी, त्यात डिसेंबरची थंडी. पहिल्या रात्री अकरा वाजेपर्यंत लेन्सच्या काचेवर एवढं दव धरलं की शेवटच्या चाळीस फ्रेममध्ये तारे कापसासारखे फुगले. दुसऱ्याच दिवशी हीटर मागवला. शिवाय रात्रीची थ्री-फेज लाइट असली की मामा पाण्याला उठतात आणि त्यांची बॅटरी थेट कॅमेऱ्याच्या तोंडावर येते. मी बॅटरीला लाल जिलेटिन कागद लावून दिला, तो त्यांनी आजपर्यंत काढलेला नाही. पहाटे फवारणीचा ब्लोअर सुरू झाला की आपलं काम बंद, कारण हवेत बारीक तुषार तासभर तरंगत राहतात.

मृगातल्या मोठ्या मेघाचा, म्हणजे एम ४२ चा, पहिला तयार फोटो मामींना दाखवला. त्यांनी फोन जवळ घेऊन बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, “गुलाल उधळल्यावानी दिसतंय. का रे, हा रंग तू भरलास का?”

त्या प्रश्नाने मला चार महिने कामाला लावलं, कारण प्रामाणिक उत्तर ‘थोडासा भरला होता’ असं होतं.

कच्च्या फ्रेममध्ये दिसतो तो राखाडी-तपकिरी धुरळा आणि त्यात एक फिकट ठिपका. फिल्टर काढलेल्या कॅमेऱ्यात तो धुरळा आणखी लालसर. आयएसओ ८०० वर दोन-दोन मिनिटांच्या ९० फ्रेम, म्हणजे तीन तास, सिरिल या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक रचल्या. फ्रेम चौपट केल्या की खरखर निम्म्यावर येते, म्हणून एवढा खटाटोप. मग मी कॉन्ट्रास्ट ओढला, सॅच्युरेशन ओढलं आणि सगळं कुंकवासारखं लाल करून ठेवलं. मधला भाग पांढरा फटक, तारे गुलाबी. मामींनी पाहिला तो हाच फोटो.

खरा रंग कसा ओळखायचा, हे हळूहळू त्या फोटोनेच शिकवलं. माझ्या लेन्सच्या चौकटीत साधारण साडेनऊ बाय सव्वासहा अंश आकाश मावतं, म्हणजे मृगाच्या पोटातला तीन ताऱ्यांचा बाण आणि खालचा मेघ एकत्र येतात. बाणाचे तिन्ही तारे अतिशय तप्त आहेत, ते निळसर पांढरेच यायला हवेत. पिवळे किंवा गुलाबी आले तर रंगांचा तोल चुकलाय. एम ४२ च्या जरा उत्तरेला एनजीसी १९७७ हा धुळीचा मेघ आहे, तो परावर्तित निळा. तो जांभळा झाला की समजावं लाल जास्त ओढलाय. बाणाच्या पूर्वेकडच्या ताऱ्याला लागून फ्लेम तेजोमेघ आहे. तो शेजारच्या लाल मेघाच्या पडद्यापेक्षा पिवळट-नारिंगीकडे झुकलेला दिसतो. दोघं एकाच लालात बुडाले तर मागं फिरावं. ही तीन ठिकाणं आता मी प्रत्येक पायरीनंतर शंभर टक्के झूम करून पाहतो.

सिरिलमधलं फोटोमेट्रिक कलर कॅलिब्रेशन हेच काम मोजून करतं. फोटोतले तारे ओळखतं, कॅटलॉगमधल्या त्यांच्या मोजलेल्या रंगांशी ताडून पाहतं आणि तिन्ही चॅनेलचा तोल लावतं. ते स्ट्रेच करायच्या, म्हणजे अंधूक भाग ओढून उजळ करायच्या, आधीच करायचं असतं, आकडे सेन्सरने मोजलेल्या प्रकाशाच्या सरळ प्रमाणात असताना. मी दोन महिने ते नंतर करत होतो आणि तारे दर वेळी वेगळे का येतात ते कळत नव्हतं. क्रम सुधारला आणि एका संध्याकाळी मेघ लालऐवजी गुलाबी आला. ते बरोबरही आहे. हायड्रोजन ६५६ च्या लालासोबत ४८६ नॅनोमीटरचा निळाही सोडतो, दोन्ही मिळून गुलाबी. मामींचा गुलाल खरा होता, माझं कुंकू खोटं होतं.

मधल्या ट्रॅपेझियम ताऱ्यांच्या भोवती जो हिरवट-निळा आहे तो ऑक्सिजनचा, ५००.७ नॅनोमीटर. विल्यम हगिन्स यांनी १८६४ मध्ये दुसऱ्या एका मेघाच्या वर्णपटात ही हिरवी रेघ पाहिली आणि ती पृथ्वीवरच्या कुठल्याच मूलद्रव्याशी जुळेना, म्हणून पुढे ‘नेब्युलियम’ नावाचं मूलद्रव्यच मानलं गेलं. दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन तो, हे आयरा बोवेन यांनी १९२७ मध्ये दाखवलं. मी मात्र जानेवारीपर्यंत ‘हिरवा नॉइज काढा’ हे बटण डोळे झाकून दाबत होतो आणि हाच रंग पुसून टाकत होतो. आता ते हलक्या हाताने, फक्त पार्श्वभूमीवर लावतो. मधला भाग जळू नये म्हणून ५ आणि २० सेकंदांच्या वेगळ्या फ्रेम घेऊन मिसळतो.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र रंगाने केलं नाही, धुळीने केलं. ज्यांनी फिल्टर काढून दिला त्यांच्याकडून सेन्सरवर कण राहिले होते. पहिल्या मोठ्या रात्रीनंतर स्टॅक, म्हणजे रचून झालेला फोटो, पाहिला तर बाणाजवळच्या अश्वशीर्ष या घोड्याच्या डोक्यासारख्या काळ्या मेघाच्या अगदी शेजारी एक काळसर गोल सावली. अशा सावल्या फ्लॅट फ्रेमने जातात. लेन्ससमोर एकसारखा पांढरा उजेड धरून काढलेले फोटो ते, मी लॅपटॉपच्या पांढऱ्या पडद्यावर काढतो. पण मी घरी येऊन आधी हवेच्या फुग्याने सेन्सर साफ केला आणि मग फ्लॅट काढले. कण गेले होते, फोटोतल्या सावल्या तशाच राहिल्या. ती तीन तासांची रात्र मी अजून वापरू शकलेलो नाही. आता सामान आवरायच्या आधी, फोकसला हात न लावता, मळ्यातच फ्लॅट काढतो. सेन्सरची स्वतःची खरखर वजा करायला लागणाऱ्या डार्क फ्रेमही तिथेच, झाकण लावून, चहा होईपर्यंत.

दुसरी चूक पार्श्वभूमी काढताना झाली. आकाशातला शहरी उजेडाचा उतार काढायला फोटोवर नमुन्याचे बिंदू टाकावे लागतात. चौकटीच्या पूर्वेच्या कडेला एक पुसट लालसर पट्टा होता, तो मी उजेड समजून बिंदू टाकून साफ केला. तो बर्नार्डचा लूप होता, मृगाला कवेत घेणारा हायड्रोजनचा प्रचंड कंस. आता बिंदू एकेक करून हाताने तपासतो.

अश्वशीर्षाबद्दल अपेक्षा ठेवून कोणी ही लेन्स घेणार असेल तर आधीच सांगतो: १३५ मिमीवर ते घोड्याचं डोकं जेमतेम ७० पिक्सेलचं येतं. ओळखू येतं, पण भिंतीवर लावण्याजोगं नाही. त्यासाठी दुर्बीणच हवी.

एप्रिलमध्ये हरसूलच्या बाजूला गेलो, तिथून दक्षिणेकडचं आकाश काळं मिळतं. करिना तेजोमेघ आपल्याकडून जास्तीत जास्त दहा अंश वर येतो, रात्री दहाच्या सुमारास तासदीड तास. क्षितिजाजवळच्या धुरळ्याने त्याचा निळा-हिरवा खाल्ला, लाल तेवढा आला, तरीही युरोपातल्या कुठल्याही छंदिष्टाला घरून हा मिळत नाही याचा मला आनंद आहे. पहाटे चारला धनू राशीतला लगून मेघ चाळीस अंशांच्या वर होता. इथे उन्हाळ्याने कॅमेऱ्याची मर्यादा दाखवली. थंड करायची सोय नाही आणि दर सहा-सात अंशांना सेन्सरची उष्णतेची खरखर दुप्पट होते. डिसेंबरातल्या ९० फ्रेमचं समाधान एप्रिलात दीडशे फ्रेमनेही झालं नाही. वर्षभर काम करणार असाल तर पैसे साठवून कूलिंगचा कलर कॅमेरा घ्यावा असं माझं मत झालंय. ऑक्टोबर ते फेब्रुवारीपुरतं बघायचं असेल तर हा पुरेसा आहे.

लॅपटॉपच्या पडद्याचंही सांगायला हवं. माझा पडदा निळसर आणि फार उजळ होता, म्हणून मी नकळत लाल वाढवत होतो. छापून आणलेला पहिला फोटो काळाकुट्ट आला. आता ब्राइटनेस निम्म्यावर ठेवतो, खोलीतला पिवळा दिवा बंद करतो आणि डोळ्यांपेक्षा हिस्टोग्रामवर, म्हणजे फोटोतल्या उजेडाच्या आलेखावर, विश्वास ठेवतो.

गेल्या आठवड्यात डिसेंबरचाच तीन तासांचा डेटा परत सुरुवातीपासून केला, सातव्यांदा. बाण निळसर, एनजीसी १९७७ निळा, मेघ गुलाबी, गाभ्यात हिरवट झाक. त्याची बारा बाय अठरा इंची प्रिंट काढून मळ्यात नेली. मामींनी चष्मा लावून पाहिलं आणि मधल्या हिरव्यावर बोट ठेवून विचारलं, “हे काय आहे?” ऑक्सिजन म्हटल्यावर त्या म्हणाल्या, “म्हणजे आपण श्वास घेतो तोच?” तोच, म्हटलं. प्रिंट आता देवघराच्या शेजारच्या भिंतीवर आहे.